मंगळीनंतर तानी

"घरात पाय ठेवू नको, आये. भगतानं सांगितलंय."

"माझ्या घरात मीच पाय ठेवू नको?" तानी उंबऱ्यातच थबकली. डोक्यावर भरलेला हंडा. "काय सांगितलं चिंतू भगतानं?"

"सुपात दाणे टाकून बघितलं. पोर खाणारी घरातलीच हाय म्हणाला." सपनाने रिकामी झोळी छातीशी आवळून धरली होती. त्याच झोळीतलं तिचं पोर गेल्या आठवड्यात तापानं गेलं होतं. "तू भुताळी हाय."

"सुने, पोराला ताप व्हता! बोईसरच्या डॉक्टरकडं न्या म्हणून मीच बोंबलत व्हते ना?"

"वरवर बोंबलायला काय जातंय? त्याच्या उशाशी पुटपुटत व्हतीस ते?"

"देवाला बोलवत व्हते गो. तुझ्या लग्नात बोलवलं, तसंच."

मनोरपलीकडच्या या वारली पाड्यांत लग्न लावते ती धवलेरी, आणि तानी धवलेरी होती. भिंतीवर लग्नाच्या चित्राचा चौक लिहून झाला की त्याच्यापुढे बसून ती पालघट देवीला गाण्यातून बोलवायची. ऐकणारे पेंगायचे, तिचा गळा बसायचा नाही. आता अंगणात जमलेल्यांपैकी कितीतरी जोडप्यांची लग्नं तिनंच लावलेली. त्यांना चिंतूचं म्हणणं लगेच पटलं होतं: जिच्या हाकेला देव येतो, तिच्या हाकेला भूत का नाही येणार?

"भुताळी म्हंजे काय, सांग तरी," तानी म्हणाली. "बारावी झालीस ना? शाळेत शिकवलं हे?"

"शाळेत चेटकीण व्हती, पुस्तकातल्या चित्रात. भुताळी मला तू शिकवलीस."

"मी?"

"नवी नवरी व्हते मी. ओढ्याकडं नेऊन तू मंगळीचं खोपट दाखवलंस. म्हणालीस, हिच्या हातचं पाणी पिऊ नको, भुताळी हाय ती. तुला कुणी शिकवलं व्हतं?"

"सासूनं."

"आन मंगळीला पाड्याबाहेर काढली, तवा तिच्या तोंडाला काजळी फासणारा पयला हात कुणाचा?"

अंगणातली एक म्हातारी खुदकन हसली. तिला आठवत होतं.

तानीने हंडा खाली उतरवला. आवाज एकदम बारीक झाला. "माझं पोर गेलं व्हतं गो. विपुलच्या आधीचं. कुणाला तरी... मला काय सुचत नव्हतं."

"मग तुला ठावं हाय मला काय व्हतंय ते." सपनाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मंगळी मेली. खोपट रिकामं हाय. जा."

तानी मुलाकडे वळली. विपुल खांबाला टेकून उभा होता, कारखान्याचा निळा शर्ट घालून. कामावर परतायला निघालेला.

"विपुल, तू बोल. मला बोईसरला तुझ्या खोलीवर ने, भांडी घाशीन. नायतर तू पण म्हण. भुताळी म्हण. पण तुझ्या तोंडानं म्हण."



विपुल पुढे आला. वाकला. तानीला वाटलं, पाया पडतोय. तिचा हात आपसूक त्याच्या डोक्याकडे गेला. त्यानं हंडा उचलला, अंगणाच्या कडेला नेऊन पालथा केला, शेवटचा थेंब निघेपर्यंत धरून ठेवला. मग पिशवी खांद्याला लावली आणि लोकांनी करून दिलेल्या वाटेनं निघून गेला.