जाधव सरांची जागा

कॉलेजच्या मैदानावर आज मी गेलो तेव्हा जाधव सर फुटबॉलमध्ये हवा भरत बसले होते. बावीस वर्षं ते सहायक प्रशिक्षक आहेत. मुख्य प्रशिक्षकाची जागा यंदा तरी त्यांना मिळेल असं वाटलं होतं. ती मिळाली विनायकला, त्यांच्याच विद्यार्थ्याला.

"सर, मला कसलं अहो-जाहो करताय?" विनायक ओशाळून म्हणाला.

"पोरांसमोर करायलाच पाहिजे. नाहीतर ती तुमचं ऐकतील होय?"

आपण शिकवलेला पुढे जातो, याचा आनंद मानायचा असतो. सरांच्या वतीनं मला तो मानता येईना.

सर त्याला एकेक खेळाडू दाखवू लागले. कोण उपाशीपोटी सरावाला येतो, हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

मीही त्यांच्याकडेच खेळलो, घरातला पहिला पदवीधर झालो. माझंही नाव त्यांनी असंच हळू आवाजात कुणाला तरी सांगितलं असेल.