गप्पताईची कोल्हीण

प्राण्याचा फोटो काढला की गप्पताई आधी एकच गोष्ट बघायची. तो कॅमेऱ्याकडे बघतोय का? बघत असेल, तर फोटो तिथल्या तिथे पुसून टाकायची. ज्या नजरेसाठी लोक जीव टाकतात, तीच नजर ही बाई सरळ कचऱ्यात घालायची. एकदा रेनडिअरचा एक देखणा फोटो तिनं माझ्या डोळ्यांदेखत पुसला, तेव्हा मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "अगं, तो चरत होता. मान वर करून माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे माझ्यामुळे त्याचं खाणं थांबलं. कसला आलाय चांगला फोटो?"

तिचं खरं नाव शैलजा. जर्मनीत बोब्लिंगेनला मोटारींच्या एका कंपनीत गाडीच्या आतला आवाज कमी करण्याचं तिचं काम. कुठे काय खडखडतंय, काय घुमतंय, हे शोधण्यात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन एकटीच उत्तरेला पळायची. नॉर्वे झालं, ग्रीनलँड झालं, आइसलँड तर घरच्यासारखं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपली की माईकवरून सूचनांचा भडिमार सुरू व्हायचा आणि मागच्या रांगेतून हिचं एकच खणखणीत "गप्प!" यायचं. मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला जर्मनमध्ये उत्तर देणारी आमची पोरं तिला मात्र न चुकता गप्पताई म्हणायची. मग मोठेही म्हणायला लागले.

मंडळात ती वर्षातून एकदा फोटो दाखवायची. त्या कार्यक्रमांची आठवण झाली की माझं डोकं अजून तापतं. पडद्यावर हिमनदी आली की मागून कुणीतरी हमखास म्हणायचं, "एवढी मळकी? ताई, जरा पांढरी करून घ्या ना, दोन मिनिटांचं काम आहे." ताई म्हणायची, "डोंगर घासत खाली येते ती. अंगाला माती लागणारच. तुम्ही शिफ्ट संपवून आल्यावर कसे दिसता?" मग दुसरं कुणीतरी, "पण फोटोत तुम्ही कुठे आहात?" जसं काही हिमनदीसमोर हात पसरून उभं राहिल्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत! ताई हसून पुढचा फोटो लावायची. मला मात्र हसू यायचं नाही.

तरी तिचा माणसांवर विश्वास होता, हे विशेष. "एकदा नीट बघितलं ना, की माणूस आपोआप जपायला लागतो," असं ती म्हणायची. याच विश्वासापोटी एका उन्हाळ्यात ती आम्हाला घेऊन निघाली. मी, माझा नवरा आनंद, मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची बायको. आइसलँडच्या वायव्य टोकाला, जिथे रस्ता जात नाही, फक्त बोट जाते, अशा एका खाडीत. वर हिमनदी, खाली गवताचा उतार आणि त्या उतारावर एका कोल्हिणीचं बीळ. ताई कित्येक उन्हाळे तिच्याकडे जात होती. 'तिच्याकडे' हा शब्द ताईचाच. त्या खाडीचं नाव तिनं कधी एकाही फोटोखाली लिहिलं नव्हतं. आजवर तिथे कुणाला नेलंही नव्हतं.

बोटीतच तिनं आम्हाला बजावलं. वास तिच्याकडे जाणार नाही अशा बाजूला बसायचं, खाण्याचे डबे उघडायचे नाहीत, हाक मारायची नाही. "आपण तिच्या दारात बसणार आहोत," ताई म्हणाली. "तिनं काही आपल्याला चहाला बोलावलेलं नाही."

आम्ही बसलो. थंडीनं पाय बधिर झाले, पण काय दिसत होतं ते! बिळाच्या तोंडाशी तपकिरी पिल्लं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. बऱ्याच वेळानं कोल्हीण आली. तोंडात पक्षी होता. आमच्याकडे ढुंकूनही न बघता ती उतार चढायला लागली. ताईचा चेहरा त्या क्षणी मी बघितला. लेकीच्या घरी सगळं ठीक चाललंय हे बघून आईचा चेहरा होतो, तसा होता.

आणि अध्यक्ष म्हणाले, "शुक् शुक्!"

हो, शुक् शुक्. पुण्यात रिक्षा थांबवावी तसं. कोल्हीण थबकली, तिनं वळून थेट त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या कॅमेऱ्याचा खटखटाट सुरू झाला. तेवढ्यानं भागेना म्हणून त्यांनी खिशातून भाकरवडी काढून तिच्या दिशेनं भिरकावली. ती पक्ष्यासकट मागे फिरली आणि खडकांमागे दिसेनाशी झाली. वर पिल्लं केकाटत होती. ताईनं आम्हा सगळ्यांना हातानंच उठवलं. बोटीकडे ती सगळ्यांच्या पुढे चालत गेली. अध्यक्ष मात्र बोटीत पुन्हा पुन्हा फोटो दाखवत होते. "बघा, डोळ्यांत कशी बघतेय!"

दिवाळीत मंडळाचं कॅलेंडर आलं. मुखपृष्ठावर तीच कोल्हीण, तोंडात पक्षी, नजर थेट आपल्यावर. टाळ्या झाल्या, शाल झाली. हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण या गृहस्थानं तोच फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली खाडीचा नकाशा, बिळाच्या ठिकाणावर लाल खूण आणि वर शब्द, 'इथे हमखास दिसते'.

ताई समितीच्या बैठकीला गेली. मी सोबत होते. तिनं फक्त तो नकाशा काढून टाका एवढंच मागितलं. कॅलेंडरचं नावसुद्धा काढलं नाही.

"अहो ताई, लोकांनाही बघू दे की," अध्यक्ष म्हणाले. "सगळं आपल्यापुरतं ठेवायचं, हे बरं नाही."

"बघू दे ना. पण तिची पिल्लं आहेत तिथे. माणसं आली की ती शिकार घेऊन बिळाकडे येत नाही. तुम्ही बघितलंत."

"आल्झो, म्हणजे ताई, कोल्हा आहे तो. त्याला काय कळतंय?"

खजिनदार हसले. मग ताईचा आवाज रागानं चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "रविवारी भिंतीत खिळा ठोकायला घाबरता तुम्ही! दुपारच्या शांततेच्या रुऊत्साइटमध्ये मिक्सर लावत नाही, का, तर खालची म्हातारी इमारतीच्या हाउसफरवाल्टुंगकडे तक्रार करेल. जिला तक्रार करता येते तिचीच झोप मोडायची नाही, एवढंच शिकलात का इथे?"

अध्यक्ष म्हणाले, "गेनाऊ, बरोबर आहे, विचार करू," आणि पुढचा विषय होळीच्या हॉलचा निघाला. होळीचा हॉल! मला त्या टेबलावर हात आपटावासा वाटला आणि मी तो आपटलाही. त्यानं काय होणार? नकाशा होता तिथेच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी पुन्हा गेलो. खाडीत आमच्या आधी दोन बोटी उभ्या होत्या. उतारावर रंगीबेरंगी जाकिटं पसरलेली. कुणी शिट्टी वाजवत होतं, कुणी सॉसेजचे तुकडे फेकत होतं. बिळाच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. लोक तरी वाट बघत बसले होते, कारण नकाशावर तसं लिहिलं होतं ना! ताईनं कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. बराच वेळ त्या बिळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "शहाणी निघाली. पिल्लं घेऊन गेली." मग तोंड फिरवून तिनं डोळे पुसले. माझं चुकलं, मी माणसं आणली, असं ती स्वतःशीच पुटपुटली. तिचं कसलं चुकलं? विश्वास ठेवणाऱ्यानं डोळे पुसायचे आणि शुक् शुक् करणाऱ्यानं शाल पांघरायची, हा कुठला न्याय?

तिनं मंडळ सोडलं. फोटो दाखवणंही सोडलं. अध्यक्ष आता दर उन्हाळ्यात सहली नेतात. आनंद परवा म्हणाला, "पण तो फोटो खरंच चांगला होता गं." त्या रात्री त्याला मी जेवायला वाढलं नाही.

मे महिन्यात ताईचा फोन आला. आवाजात जुना उत्साह होता. "जातेय गं पुढच्या आठवड्यात. एक जागा सापडलीये."

कुठे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी थांबले, ती सांगेल म्हणून. तीही थांबली. तेव्हा मला कळलं की ती सांगणार नाही. मलासुद्धा नाही. त्या टेबलावर हात आपटणाऱ्या मलासुद्धा! राग कुणाचा आला होता, कोण जाणे. तिचा मात्र नव्हता.

"ये जाऊन," मी म्हटलं.