चष्मेवाल्याच्या गिटारची खरखर

चष्मेवाला पन्नाशी उलटल्यावर बिघडला, असं चर्चमधल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्या निम्म्यांना वाटायचं की तो मुळातच बिघडलेला होता, फक्त आवाज आता बाहेर आला.

सव्वीस वर्षं तो दर रविवारी उपासनेत साधी लाकडी गिटार वाजवत आला होता. बायको माइकसमोर उभी राहून गीत उचलायची, मंडळी तिच्यामागे गायची आणि हा तिच्या डाव्या अंगाला स्टुलावर मान खाली घालून बसायचा. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही आणि कुणी बघावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती. असा हा माणूस एका रविवारी लोखंडी डबी घेऊन आला. ती पायाशी ठेवून त्यानं तिच्यात गिटारची वायर खुपसली, पायानं बटण दाबलं आणि त्या गरीब गिटारमधून ट्रक चढ चढावा तसा आवाज निघाला. पहिल्या रांगेतल्या आजींनी कानातलं यंत्र काढून झटकून पाहिलं.

"हे डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेली खरखर," उपासनेनंतर त्यानं पाळकांना सांगितलं. "सध्या सगळीकडे असंच वाजवतात. तरुणांना आवडतं."

चर्चमधले तरुण म्हणजे मोजून सात, आणि त्यातले पाच तोंड लपवून हसत होते. बाकीच्यांनी ठरवून टाकलं की ह्याला म्हातारचळ लागला.

खरं कारण फक्त त्याला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरांना ठाऊक होतं. दुकानात चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवताना फ्रेम डाव्या हातातून निसटायला लागली, तेव्हा आधी त्यानं फ्रेमलाच शिव्या घातल्या. मग करंगळी वाकेनाशी झाली, मग तिच्या शेजारचं बोट. डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या आणि सांगितलं की नस वाळत चालली आहे. ही दोन बोटं गेलीच, उरलेलीही जातील, कधी ते सांगता येत नाही. एवढ्या लांबच्या डॉक्टरांकडे तो अशासाठी गेला की जवळच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर त्याची बायकोच बसायची.

दुकानाचं त्याला फार वाटलं नाही. फ्रेम पकडायला त्यानं टेबलावर एक छोटा शिकंजा बसवून घेतला आणि काम रेटलं. त्याचा जीव तुटायचा तो त्या स्टुलासाठी. घरात दोघांची भांडणं नव्हती, पण बोलणं वापरून वापरून झिजलं होतं. गॅस संपत आलाय, दाराची कडी ढिली झालीय, एवढंच उरलं होतं. रविवारी मात्र ती श्वासाला थांबली की तो थांबायचा, तिनं सूर लांबवला की तो एक फेरा जास्त वाजवायचा, आणि त्यासाठी त्याला कधी मान वर करावी लागली नाही. ते स्टूल गेलं की तिच्यातलं आपल्याजवळ काय उरणार, असं त्याला वाटायचं.

वाद्यांच्या दुकानातल्या बाईंना त्यानं हात दाखवला, कारण त्या परक्या होत्या. त्यांनी हळहळण्यात वेळ घालवला नाही.

"सगळ्यात जाड तार थोडी उतरवून घ्या," त्या म्हणाल्या. "मग एकच बोट आडवं टाकलं तरी जाड तारा एकमेकींना धरून बोलतात. नुसतं ऐकाल तर पोकळ वाटेल. पण या पायाच्या डबीतून, पेडलमधून काढा, हॉल भरून जाईल."

हॉल भरायचाच. पण गिटार पोटातून पोकळ असल्यामुळे स्पीकरचा आवाज तिच्यात शिरून ती कोकलायला लागायची. त्यावर उपाय म्हणून त्यानं तिच्या पोटात बायकोचा जुना निळा स्वेटर कोंबला आणि भोकावर रबरी झाकण बसवलं. बायकोनं महिनाभर स्वेटरसाठी घर डोक्यावर घेतलं आणि हा मूग गिळून बसला.

तिला तो आवाज मुळीच सोसवत नसे. "अहो, मी गाते की कुणाशी भांडते?" घरी परतताना ती विचारायची.

"काळ बदलतोय."

"काळाला बदलू द्या ना. तुम्ही कशाला बदलताय? सरळ वाजवा की पूर्वीसारखं."

अशा वेळी खरं अगदी जिभेवर यायचं. पण सांगितलं की ती गाणं सोडून त्याच्या हाताकडे बघत उभी राहणार, हे तो पुरता ओळखून होता. तिच्या गाण्यात आपल्या हाताची काळजी शिरलेली त्याला नको होती. त्यापेक्षा लोकांनी चळलेला म्हातारा म्हटलेलं बरं.

वर्षभर असं निभावलं. मग बेकरीवाल्याची आई वारली. त्या रविवारी गीत संपल्यावर पाळकांनी सगळ्यांना दोन मिनिटं मूक प्रार्थना करायला सांगितलं. गीत संपलं की आधी पायानं पेडल बंद करायचं आणि मगच मान खाली घालायची, असा चष्मेवाल्यानं स्वतःला नियम घालून घेतला होता. पण त्या दिवशी डावा हात आखडून बसला. तो उजव्या हातानं एकेक बोट सरळ करत राहिला आणि पाय विसरला. मांडीवरची गिटार जराशी स्पीकरकडे वळली आणि त्या शांततेत कोकलली, आधी हळू, मग वर वर चढत. बटण पायाला सापडेपर्यंत बेकरीवाला उठून बाहेर गेला होता.

बुधवारी पाळक चष्मा ढिला झाल्याचं निमित्त काढून दुकानात आले. चष्मा ढिला नव्हता.

"पेडल बंद करावं लागेल हो," ते म्हणाले.

"बेकरीवाल्यानं तक्रार केली का? मी माफी मागून आलो त्याची."

"त्या बिचाऱ्यानं चकार शब्द काढला नाही." पाळकांनी उगाच चष्मा पुसला. "वहिनी आल्या होत्या काल. मला ह्यांना दुखवायचं नाही, तुम्हीच सांगा, म्हणाल्या. खूप रडल्या. इतकी वर्षं ह्यांच्या वाजवण्यावर गात आले, आता त्या आवाजात हे मला कुठे सापडतच नाहीत, असं म्हणत होत्या."

चष्मेवाल्यानं डावा हात टेबलाखाली घेतला. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला.

रविवारी त्यानं पेडल घरीच ठेवलं. ते बघून बायकोचा चेहरा उजळला. "बरं झालं हो," असं म्हणून तिनं गिटारची पेटी स्वतःच उचलली आणि रस्ताभर मुलीसारखी भराभर चालत राहिली. तिच्या मागून चालताना त्याला रडू फुटेल असं वाटलं.

तिनं गीत उचललं. त्यानं बोट आडवं टाकलं. जाड तारा तेवढ्या वाजल्या, उघड्यावाघड्या आणि पोकळ, तिच्या आवाजाला पुरेल असं त्यात काहीच नव्हतं. ती उरलेल्या सुरांची वाट बघत पहिलं कडवं गायली. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज चढला. पेडल काढायला लावलं म्हणून हा मुद्दाम भिकार वाजवतोय, अशी तिची समजूत झाली होती. तिसऱ्या कडव्याला ती जाब विचारावा तशी त्याच्याकडे वळली.

तिला त्याचा हात दिसला. दोन बोटं मुडपून लोंबत होती, तिसरं घसरत होतं, आणि पहिलं तारांवर दाबून दाबून पांढरंफटक पडलं होतं.

तिला थांबता येईना, कारण मागे मंडळी गात होती. उरलेली दोन कडवी ती त्या हाताकडे बघत गायली आणि तिचे गाल भिजत राहिले. लोकांना ती भक्ती वाटली.

हॉल रिकामा झाल्यावर ती स्टुलापाशी खालीच बसली. "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"आणि ते पेडल..."

"त्यात झाकून जायचं."

तिनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि करंगळी सरळ करून पाहिली. सोडल्याबरोबर ती पुन्हा मुडपली. "मीच गेले होते पाळकांकडे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"लावा ते पुन्हा. पुढच्या रविवारी लावा. कोण काय बोलतंय ते मी बघते. मी त्याच्यावर ओरडून गाईन."

"अगं, आज सकाळपासून हे पहिलं बोटही ऐकत नाहीये. आजचं कसंबसं झालं."

"म्हणजे आपलं आजचं शेवटचं?"

त्यानं हो म्हणून मान हलवली.

"आणि मी तुमच्यावर रागावून गायले हो," ती म्हणाली. "दुसरं अख्खं कडवं मी रागानंच गायले."