सुपडूभाऊंच्या हातांचा दोष नव्हता

सुपडूभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीने, रंजनाने, फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि समोरचा चहा पिऊन टाकला. पाच आठवडे झाले. रडू आलेलं नाही... एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे, आणि ती मीच सांगायला हवी.

धुळे रस्त्यावरच्या एका मत्स्यबीज केंद्राचा मी व्यवस्थापक होतो. सुपडूभाऊ तिथे कामाला, असोद्याहून सायकलने येत. मागूर माशाची पिलं अंड्यातून निघाली की दोन-तीन दिवस अंगच्या बलकावर जगतात, मग त्यांना खाद्य लागतं. सुपडूभाऊ रोज सकाळी शेणखत घातलेल्या हौदातून डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत किडे गाळून आणत आणि पिलांना घालत. त्या वर्षी धुळ्याच्या एका तळेवाल्याला पिलं लवकर हवी होती. तयार खाद्याची कोरडी भुकटी घातली की ती झपाट्याने वाढतील, असं मी ठरवलं. सुपडूभाऊंनी अडवलं. "साहेब, पिलासनं पोट कच्चं शे. आते जित्तंच जोयजे, भुकटी पचत नही." मी ऐकेना, तेव्हा म्हणाले, "तुमना नातूले बारशाना दिन भाकर चारशात का?" भोवतीची माणसं हसली. ते हसणं मला लागलं. मी जिवंत खाद्य बंद केलं आणि स्वतः भुकटी टाकली.

त्यांचं बरोबर होतं. त्या वयात पिलाच्या पोटाची पिशवी तयारच नसते, नुसती नळी असते, पाचक रस थोडे. मऊ जिवंत किडे त्यात जिरतात, भुकटी नाही. तिसऱ्या दिवशी पिलं तळाशी पडली. अंग काचेसारखं, आत तपकिरी भुकटी जशीच्या तशी. पोट भरून उपाशी मेली होती.

केंद्राचे मालक आले. मी म्हणालो, "सुपडूचे हात घाण. त्यानेच रोग आणला." भाऊंना त्याच दिवशी काढलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग सायकल घेऊन गेले. पुढे कुठल्याच तळ्यावर त्यांना कोणी ठेवून घेतलं नाही; केळीच्या गाड्या भरत राहिले. आणि मी पुढच्या खेपेला गुपचूप जिवंत खाद्यावर परतलो. पिलं जगली, कौतुक माझं झालं.

काही वर्षांनी ते बोदवड स्टेशनवर भेटले. "साहेब, मागूर जगतस का आते?" मी हो म्हणालो. "मना हात नही लागत ना, म्हनीसन जगतस." टोमणा समजून मी दुसरीकडे बघितलं. त्यांची गाडी आली...

परवा असोद्याला गेलो. रंजना माहेरीच होती. पाणी द्यायला उठली, पण आधी मोरीत जाऊन तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "बाबांची सवय, काका. नातवाला उचलायचं तरी तीनदा हात धुवायचे. आम्ही चिडायचो. तर म्हणायचे, साहेब शिकेल मानूस, खोटं कसाले बोलतीन? मना हातमाच रोग व्हई."

तो टोमणा नव्हता तर. माझं खोटं त्यांनी खरं मानलं होतं.

मी रंजनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना का नाही सांगितलं, काका?" मी पाण्याचा पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "मग पेपरात लिहा. बाबांचं नाव घालून."

लिहितो आहे. पिलं सुपडूभाऊंच्या हातांनी मेली नाहीत, माझ्या हातांनी मेली.

मी चपला घालत होतो तेव्हा आत पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. रंजना उठली, आणि मोरीतला नळ सुरू झाल्याचा आवाज आला.