कर्नाळ्यावर हरवलेले पोर

पनवेलहून सकाळच्या एस.टी.ने निघालो तेव्हा कर्नाळ्याचा सुळका धुक्यात बुडालेला होता. बरोबर आप्पा, माझे वडील. त्यांना कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, पण गड बघायची हौस दांडगी.

रान चढून दरवाजाशी पोचलो आणि गोंधळाला सुरुवात झाली. एक लेख देवनागरी, दुसरा फारसी. आप्पांच्या मते गड यादवांचा. मी निजामशाहीचा म्हणून ओरडत होतो. “महाराजांनी जिंकला ना, मग झालं,” म्हणत ते पुढे गेले. सुळक्याच्या पोटात कोरलेली पाण्याची टाकी बघत मी रेंगाळलो. मागे वळलो, तर आप्पा नाहीत.

हाका मारून उपयोग नव्हता. धुक्यात पडक्या भिंती सगळ्या सारख्याच. एका बुरुजापासून निघालो तो फिरून पुन्हा टाक्यांपाशीच. पलीकडे तुटलेला कडा. तिथे वाकून बघायचा धीर होईना.

तेवढ्यात पायथ्याच्या वाडीतली एक बाई आणि दोन गडी धापा टाकत वर आले. मी घाईघाईने आप्पांची चौकशी केली.

“म्हातारा नाय बगितला,” बाई म्हणाली. “पन तुमी पोर बगितलंव का? वाडीवं सांगावा आलाय, पोर हरवलाय गडावं. आईस (आई) पन नाय त्याला.”

मी चक्रावलोच. एवढ्या रानात एकटे पोर? आप्पांची काळजी होतीच, पण पाय त्या तिघांबरोबर वळले. झाडीत, कोनाड्यांत शोधत, “बाळा, ए बाळा” अशा हाका मारत मी खाली उतरलो.

खाली आंब्याखाली माणसे जमली होती. मधे आप्पा. मला बघताच ते उठले, धडपडत आले आणि माझे मनगट घट्ट धरले.

बाई माझ्या मिशांकडे बघत राहिली. “ह्यो? ह्यो पोर?”

आप्पांना प्रश्न ऐकू आला नसावा. ते सगळ्यांना सांगत सुटले, “सापडला हो! माझा मुलगा सापडला!”

कोणी हसले नाही. बाईने आम्हा दोघांना पाणी दिले.

आई जाऊन वर्ष होत आले होते. तेव्हापासून आप्पांनी तिचा विषय काढला नव्हता. परक्या वाडीत, अनोळखी माणसांना मात्र त्यांनी सांगितले होते, त्याला आई नाही म्हणून. मला वाटत होते, मी त्यांना सांभाळायला आलो आहे.

पनवेल येईपर्यंत त्यांनी माझे मनगट सोडले नाही. मीही ते सोडवून घेतले नाही.