अंगठेबहाद्दर आजी

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत सुनेनं मला अडाणी करून टाकलं.

तिचं मोबाईलवर ‘गावरान’ स्वयंपाकाचं चॅनल आहे. सेलूच्या घरात गॅस, मिक्सर, फ्रीज, सगळं आहे. पण शूटिंग वालूरजवळच्या शेतात. तिथं चूल मांडलेली. भाकऱ्या घरूनच, गॅसवर भाजून, डब्यात जायच्या. मला लुगडं नेसवून चुलीपुढं बसवायची. जन्मात कधी लुगडं नेसले नव्हते.

“आई, चष्मा काढा.”

“अगं, मला तवा दिसत नाही.”

“तवा कशाला बघताव? तुमी नुस्तं हसा. बोलू नका, लय शुद्ध बोलताव.”

मी हसले. लोक खूश झाले. एकानं लिहिलं, “आजी शाळेची पायरी चढली नसेल, पण हाताला काय चव आहे! आर्शिवाद द्या.” चव त्याला कुठून लागली देव जाणे, मला खटकला तो ‘आर्शिवाद’. राहवेना. सुनेच्याच मोबाईलवरून उत्तर दिलं, “बाळा, आशीर्वाद असं लिहितात. आणि माझी उभी हयात शाळेतच गेली. – आजी.”

संध्याकाळपर्यंत गदारोळ. “फेक चॅनल!” “आजीच्या नावानं कुणीतरी शिकलेली बाई लिहायलीय.” हे मात्र अगदी खरं होतं.

सून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “एक व्हिडिओ करू. तुमी कागदावर अंगठा लावा, म्हंजे लोकांला पटंल.”

गावभरच्या लेकरांना ग म भ न शिकवलेली बाई मी. म्हटलं, “अंगठा दाखवीन, लावणार नाही.”

मग तिनं शेजारची म्हातारी नेली. खरोखर निरक्षर. पण ती आली गाऊनवर, केसांना काळा कुळकुळीत रंग, आणि लुगड्याला साफ नकार. कॅमेऱ्यापुढं बसताच म्हणाली, “माझं तोंड गोरं दिसंल असं कर.”

लोकांनी लिहिलं, “ही आजी ओरिजनल वाटत नाही.”

तिच्या नातवानं ते वाचून दाखवलं तशी म्हातारी भडकली, “मी ओरिजनल न्हाई तं कोण हाय?” त्याच नातवाकडून तिनं स्वतःचं खातं उघडून घेतलं. गाऊनवर नाचते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिव्या देते, आणि सुनेपेक्षा जास्त लोक तिला बघतात.

मीही बघते. सुनेनं तिला ब्लॉक केलंय.