शहदवाली माई

आमच्या सासूबाई मधमाश्यांशी जितक्या हळू आवाजात बोलत, तितक्या हळू आवाजात त्या माणसांशी जन्मात बोलल्या नसतील. पेटी उघडण्याआधी बोटाने टकटक करायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "येऊ का गं?" आणि आम्हाला? छतावरून अशी हाक मारायच्या की खाली बनारसच्या बालाजी घाटावर स्नान करणारा यात्रेकरू दचकून वर बघायचा. शहद म्हणजे मध, म्हणून सगळी गल्ली त्यांना 'शहदवाली माई' म्हणायची. आम्ही घरचे नुसतंच 'माई'.

हा माश्यांचा नाद लागला तो देवापायी. सासरे संस्कृत पाठशाळेत शिकवायचे, घरात अभिषेक नेहमीचे. एकदा बाजारातून आणलेला मध पंचामृतात घालताना माईंनी बोटावर घेऊन चाखला, आणि तो निघाला गुळाचा पाक! "देवाला फसवता? लाज नाही वाटत?" म्हणून दुकानदाराला भर चौकात झाडलं आणि खादीवाल्या एका कार्यकर्त्याला धरून आपणच पेटी आणली. एकीच्या दोन, दोनाच्या चार झाल्या. पुढे आमच्या सगळ्या महाराष्ट्री मोहल्ल्याच्या पंचामृतात माईंचाच मध असायचा.

मी सांगलीहून लग्न होऊन आले त्या दिवशीची गोष्ट. डोक्यात मोगऱ्याचा गजरा, मानेला अत्तर, पोटात वऱ्हाडाच्या जेवणातला कांदा. उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, माईंच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं, जवळ घेतलं आणि चक्क हुंगलं! म्हणाल्या, "अगं बाई, हे सगळं उतरव आधी. असा वास घेऊन छतावर गेलीस तर नाकाचा पकोडा होईल." सासूचा पहिला आशीर्वाद हा! मी मनात म्हटलं, कुठे येऊन पडले रे देवा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गजरा घालूनच वर गेले, आणि नाकाचा पकोडा झाला. माईंनी काटा नखाने खरवडून काढला, वर चुना लावला आणि गजरा काढून माझ्या हातात ठेवला, हेच मला जास्त झोंबलं.

पेटीतला कारभार सांगू लागल्या की माईंना चुलीवरच्या दुधाचंही भान राहायचं नाही. "बघ, माशी जन्मली की आधी घर झाडते. मग पोरांना भरवते, मग मेणाच्या भिंती बांधते, मग दारावर पहारा. बाहेर फुलांवर जाते ती अगदी शेवटी, पंख झिजेपर्यंत. आणि कोणी सांगायला लागत नाही हां, ज्याची त्याला समज." हे बोलताना नजर माझ्याकडे, आणि माझी नजर न झाडलेल्या दालानाकडे. मी विचारलं, "मग राणी हुकूम कोणावर सोडते?" माई खो खो हसल्या. "राणीला कोण विचारतंय? ती अंडी घालते. तिचा वास आहे तोवर सगळ्यांना वाटतं, घर ठीक आहे. बस, इतनाच तिचा रुबाब."

धाकटे दीर बाळूभावजी खाटेवर आडवे पडून रेडिओ ऐकायचे. माई त्यांना 'नर' म्हणायच्या. "नरांना काम नाही. आयतं खायचं नि फिरायचं. पावसाळ्यात फुलं संपली की माश्या त्यांना पाय धरून दाराबाहेर ओढतात." भावजी म्हणायचे, "आई, अजून चैत्रच आहे." आणि कूस बदलायचे.

माझ्या दुसऱ्या वसंतातली गंमत तर अजून डोळ्यांपुढे आहे. भर सकाळी एका पेटीतून माश्यांचा लोटच्या लोट निघाला, छतावर काळा भोवरा घोंघावला आणि खाली जाऊन थेट घाटावरच्या पंडाजींच्या बांबूच्या छत्रीला आतून लटकला. खाली एक यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडत होता, तो तसाच गंगेत उडी मारून मोकळा. पंडाजी ओरडताहेत, "माई, अपनी फौज वापस बुलाइए!" माई टोपली आणि पांढरं धोतर घेऊन पायऱ्या उतरल्या. "ओरडू नका हो महाराज. पोट भरून निघाल्यात, चावायची फुरसत नाही त्यांना." टोपली वर धरून त्यांनी छत्रीला एक झटका दिला, सगळा घोस टोपलीत पडला आणि वर धोतर!

घरी येताना मी विचारलं, "नवी राणी पळाली का हो?"

"वेडी का काय तू? नवी कशाला जाईल? पेटी भरली की जुनी निघते. बांधलेलं घर, साठवलेला मध, सगळं पोरीला ठेवते आणि आपण निम्म्या माश्या घेऊन रिकाम्या हाताने नवी जागा बघते. निघायच्या आधी जेवणसुद्धा कमी होतं तिचं. जड अंगाने उडता येईल का?"

मी ऐकलं आणि सोडून दिलं.

वर्षं गेली. सासरे गेले. आम्हाला तीन मुलं झाली. बाळूभावजींना रेल्वेत नोकरी लागली, खरंच! आणि त्यांचं लग्न ठरलं. आता तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात नवी नवरानवरी झोपणार कुठे? गल्लीने निकाल देऊन टाकला, "मोठी सून वेगळी होणार." माझा जीव टांगणीला लागला. सांगली सुटली ती सुटली, आता हेही घर सुटणार? या घरात माझी तीन बाळंतपणं झाली होती. यांना विचारावं तर हे म्हणायचे, "आई सांगेल." आणि आई काही सांगेना! उलट माईंचं वागणंच बदललं. किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. देवपूजा माझ्याकडे आली. ताटात पोळी वाढली की अर्धी परत. मला वाटलं, झालं, रुसल्या. माझ्या हातचं नको झालं. सुनेला काढायची ही बनारसी तऱ्हा असेल.

एका दुपारी माझा संयम सुटला. ताट पुढ्यात आदळलं आणि म्हटलं, "माई, आम्ही जायचंय तर तोंडाने सांगा. असं उपाशी राहून काय सुचवता?"

माईंनी माझ्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, इतक्या की ठसका लागला. "इतकी वर्षं छतावर काय बघितलंस गं? माश्याच ना? राजा घाटावर खोली बघितलीय मी. छत आहे, ऊन आहे. एक पेटी नेईन. बाकी तुझ्या."

मी रडले. भांडलेसुद्धा. "लोक म्हणतील सुनेने सासूला घराबाहेर काढलं!"

"म्हणू देत की. मी बघून घेते."

आणि बघितलंच! घाटावर एका बाईने "सुनेने काढलं का हो?" असं विचारल्यावर माई अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला कोण काढतंय? मी निघालेय!" पुन्हा कोणाची छाती झाली नाही.

पेटी नेली, पण तिच्यातल्या काही म्हाताऱ्या माश्या पुढचे काही दिवस आमच्या छतावर परतून यायच्या, रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालायच्या. माईही यायच्या. सकाळीच दारात उभ्या, "चहा झाला का?" माश्यांचं येणं थांबलं. माई मात्र शेवटपर्यंत येत राहिल्या. एका माघात तापाचं निमित्त झालं आणि राजा घाटावरच गेल्या; ती खोली मात्र आम्ही सोडली नाही. आज इतक्या वर्षांनीही सकाळी चहाचं आधण ठेवताना माझं लक्ष दाराकडे जातं. फार आठवण येते.

परवा माझी सून, येऊन वर्षही झालं नाही तिला, तोंड पाडून म्हणाली, "आई, तुम्ही हल्ली जेवतच नाही. माझ्या हातची भाजी पसंद नाही का?" मी तिला जवळ घेतलं आणि हुंगलं. "गजरा काढ, हात धू आणि छतावर चल."

पेटीवर टकटक केलं, जरा थांबले, झाकण उघडलं. ती लांबूनच बघत होती. "राणी कुठली यातली?"

"ती बघ, लांबुडकी. नवी आहे. जुनी फाल्गुनात निघाली."

"अरेरे. कुठे गेली हो बिचारी?"

"बिचारी कशाला? जवळच असते," मी म्हटलं. "राजा घाटावरच्या माईंच्या खोलीला मी कालच चुना मारून घेतलाय."